खेळातून अक्षराकडे : डॉ. मारिया मॉन्टेसरी
इटलीत १८७० साली जन्मलेल्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे आम्ही आदरपूर्वक स्मरण करतो. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले ‘बालकांचे घर’ उघडले. आईवडील कामावर गेले की तेथील मुले दिवसभर मोकाट असत. डॉ. मारियांनी त्यांच्या हाती ठोकळे व खरखरीत कागदाची अक्षरे दिली. अक्षरांवरून बोटे फिरवता फिरवता चार-पाच वर्षांची मुले लिहू लागली. मुसोलिनीच्या राजवटीशी मतभेद होऊन त्यांनी मायदेश सोडला; १९३९ साली मद्रासला येऊन शिक्षक घडविले. १९५२ साली हॉलंडमध्ये त्या निवर्तल्या. गरिबाचे लेकरूही खेळता खेळता शिकते, ही त्यांची साक्ष आम्हा पालकांना आजही आवश्यक वाटते.