मयताचा सांगावा, सरणाची लाकडं आणि बाबासाहेबांचं वतन बिल

वडगाव मावळ : सातबाऱ्यावर "इनाम वर्ग ६ ब" असा शेरा असलेल्या जमिनी मावळात अजूनही आहेत. व्यवहाराची वेळ आली की हा शेरा आडवा येतो. मग तलाठी कार्यालय, तहसील, प्रांत अशा चकरा सुरू होतात. हा शेरा आला कुठून आणि त्यासाठी कोण कुणाशी लढलं, हे आजच्या तरुण पोरांना फारसं ठाऊक नाही. ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्याशी जोडलेली आहे.

पूर्वी गावात माणूस गेला की पहिली हाक महारवाड्याला जायची. मयताचा सांगावा घेऊन पै-पाहुण्यांच्या गावी चालत जायचं, हे वतनदार महाराचं काम होतं. रात्र असो, भर पाऊस असो, नदीला पूर असो, जावंच लागायचं. फोन नाही, एसटी नाही. सरणाची लाकडं मसणवट्यात नेऊन टाकायची तीही त्यानेच. त्याबदल्यात मढ्यावरचं कापड त्याच्या हक्काचं धरलं जायचं. मेलेली जनावरं ओढणं, सारा भरायला लोकांना चावडीवर बोलावणं, सरकारी माणसाचं ओझं वाहणं, हीही कामं त्याच्याच माथी. मोबदल्यात थोडी वतन जमीन आणि खळ्यावरचं बलुतं. बलुतं द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे देणाऱ्याच्या मर्जीवर.

बाबासाहेबांचं घर यातून थोडं लवकर बाहेर पडलं होतं. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील रामजी लष्करात सुभेदार होते, पलटणीच्या शाळेत शिकवायचे. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथल्या लष्करी छावणीत झाला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला शिकून बॅरिस्टर झाले. घरावर वतनाचं ओझं राहिलं नव्हतं, पण समाजाच्या मानेवरचं जू त्यांना दिसत होतं.

१९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून बसू लागले. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. मेलेली जनावरं ओढायची नाहीत, त्यांचं मांस खायचं नाही, असं तिथे त्यांनी आपल्या लोकांना बजावलं. पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. काम नाकारलं की बलुतं बंद व्हायचं, वतन काढून घेण्याची धमकी यायची. कायदाच तसा होता. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी बांधली गेली होती. कामाला ठरलेली वेळ नव्हती. वतनदार घरी नसला तर त्याच्या बापाला नाहीतर भावाला कामावर ओढलं जायचं. म्हणजे एका माणसाच्या पगारात सगळं घर राबायचं, आणि तो पगारही तुटपुंजा.

म्हणून १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल कायदेमंडळात मांडलं. मागण्या साध्या होत्या. ज्याला चाकरी सोडायची आहे त्याला सोडू द्यावी. त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि जमीन त्याच्याकडेच रयतेसारखी राहू द्यावी. बलुत्याचे पैशात रूपांतर करून ते साऱ्याबरोबर वसूल करावं, म्हणजे कुणाच्या दारात हात पसरायला नको. कोणती कामं करायची ते नियमाने ठरवावं.

विरोध झालाच. सरकारला फुकटात राबणारी माणसं जातील याची काळजी होती. गावगाड्यात मान असलेल्यांनाही हे रुचलं नाही. खुद्द काही वतनदारांना धाकधूक होती की वतन गेलं तर जमीनही जाईल. ही भीती खोटी नव्हती, जमिनीचा तो तुकडाच त्यांचा आधार होता. बाबासाहेब गावोगावच्या सभांत समजावत राहिले की जमीन राखायची आणि चाकरी सोडायची, हाच बिलाचा अर्थ आहे. पण बिल समितीकडे गेलं आणि तिथे त्याचा जीवच काढून घेतला गेला. जुलै १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं.

हार झाली, पण विषय त्यांनी सोडला नाही. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ च्या निवडणुकीत निवडून येऊन ते पुन्हा विधिमंडळात गेले. वतन जमिनीवर वाढीव सारा लावण्याविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला वतनदारांची मोठी परिषद घेतली. पुढे देशाचे कायदामंत्री झाले, राज्यघटना लिहिली.

मावळाशीही त्यांचं नातं जडलं. तळेगाव दाभाडे इथे त्यांनी घर घेतलं, ते आज स्मारक म्हणून लोक पाहायला जातात. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्ती बसवली गेली. ती मूर्ती रंगूनहून आणली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला.

पुढे दोन महिनेही झाले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. लाखो लोक आले होते, आणि हजारोंनी तिथेच धम्मदीक्षा घेतली. ज्यांच्या बापजाद्यांना दुसऱ्याच्या मयताला सक्तीने राबावं लागलं, ते त्या दिवशी आपल्या माणसाला निरोप द्यायला आपल्या पायांनी आले होते.

त्यांनी मागितलेला कायदा त्यांच्या हयातीत झाला नाही. कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा अधिनियम १९५८ चा, आणि तो लागू झाला १ ऑगस्ट १९५९ पासून. त्याने चाकरीची सक्ती संपली. जमिनी सरकारजमा होऊन, ठरलेली रक्कम भरल्यावर, जुन्या वतनदारांनाच पुन्हा देण्याची तरतूद झाली. मात्र परवानगीशिवाय विकायच्या नाहीत, ही अट राहिली. सातबाऱ्यावरचा शेरा तो हाच.

आज मावळात गुंठ्याचे भाव कुठल्या कुठे गेलेत. अशा जमिनींसाठी गोड बोलून अंगठा, सही घेणारे फिरतात. ज्यांच्या घरात वतन जमीन आहे त्यांनी जुने फेरफार आधी काढून ठेवावेत, सातबारा नीट वाचावा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करू नये. त्या तुकड्याची किंमत घरातल्या जुन्या माणसांनी रात्री-अपरात्री मयताचे सांगावे पोचवून आधीच मोजलेली आहे.