प्रतीक्षा एका बोलेरोची

मार्च १९९६. क्युबाची राजधानी हवाना येथील एग्रेम या सरकारी ध्वनिमुद्रण संस्थेच्या जुन्या स्टुडिओत एका इंग्लिश कंपनीसाठी ध्वनिमुद्रण सुरू होते. मृदू, संथ गीते गाऊ शकेल असा एक जुना आवाज हवा होता. वाद्यवृंदाची जुळवाजुळव करणारे संगीतकार हुआन दे मार्कोस गोन्सालेस त्या आवाजाच्या शोधात निघाले आणि इब्राहिम फेरेर यांच्यापाशी येऊन थांबले. फेरेर तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. पाच वर्षांपूर्वीच त्यांनी गाणे थांबवले होते. निवृत्तिवेतनात घर चालत नसल्याने ते लोकांच्या बुटांना पॉलिश करीत, लॉटरीची तिकिटे विकत. पुन्हा गाण्याची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. केवळ आग्रहाखातर ते स्टुडिओत गेले. तेथून पुढची नऊ वर्षे जगभरच्या रेकॉर्डच्या दुकानांत त्यांचा आवाज घुमत राहिला.

फेरेर यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२७ रोजी पूर्व क्युबातील सांतियागो शहराजवळच्या सान लुईस या गावी झाला. गावच्या क्लबातील नृत्याच्या कार्यक्रमाला गेलेल्या त्यांच्या आईला तेथेच प्रसूतिवेदना सुरू झाल्या आणि संगीताच्या साक्षीनेच बाळ जन्माला आले. पुढे लाभलेले जीवन मात्र तितकेसे सुरेल नव्हते. वयाच्या बाराव्या वर्षी आईचे छत्र हरपले. पोटासाठी हा मुलगा रस्त्यावर मिठाई आणि मक्याच्या लाह्या विकू लागला. वर्षभरातच चुलतभावाला सोबत घेऊन त्याने तरुणांचा एक छोटा वाद्यवृंद उभा केला. लोकांच्या घरगुती समारंभांत गाऊन चार पैसे मिळू लागले.

ज्या भूमीत ते वाढले, ती क्युबन संगीताची गंगोत्रीच म्हणावी लागेल. स्पॅनिश गिटार आणि आफ्रिकी तालवाद्ये यांच्या मीलनातून निर्माण झालेला ‘सोन’ हा प्रकार याच पूर्व भागातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘बोलेरो’ रुजला तोही सांतियागोतच. बोलेरो म्हणजे मंद लयीतले प्रेमगीत. त्यात विरह असतो, आर्जव असते आणि गाणारा जणू एकाच श्रोत्याच्या कानाशी बोलत असतो. फेरेर यांना मनापासून गायचे होते ते हेच.

नशिबी आले ते दुसरेच. १९५३ मध्ये ते सांतियागोतील पाचो आलोन्सो यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. त्याच दशकाच्या मध्यास चेपिन-चोवेन या वाद्यवृंदासाठी त्यांनी गायिलेले ‘एल प्लातानार दे बार्तोलो’ हे गीत चांगलेच गाजले. त्यातून त्यांची ओळख ठरली ती द्रुत लयीच्या, खटकेबाज गाण्यांचा गायक अशी. त्यांचा आवाज बोलेरोला साजेसा नाही, असे त्यांना सांगण्यात येई आणि ती गीते इतरांच्या वाट्याला जात. क्युबाचे लाडके गायक बेनी मोरे यांच्या भव्य वाद्यवृंदातही त्यांनी गायन केले, पण ते साथीच्या गायकांच्या रांगेत उभे राहून. १९५९ मध्ये, क्रांतीच्या वर्षी, आलोन्सो यांचा संच कायमचा हवानात आला. पुढे सांतियागोतील एका ढोलावरून त्याला ‘लोस बोकुकोस’ हे नाव मिळाले. आलोन्सो नंतर बाहेर पडले. फेरेर मात्र १९९१ पर्यंत याच संचात गात राहिले. दौरे झाले, ध्वनिमुद्रणे झाली, बोलेरोची आस तशीच राहिली.

त्यांच्या निवृत्तीचे वर्ष हे सोव्हिएत संघाच्या विघटनाचेही वर्ष होते. सोव्हिएत मदतीवर उभी असलेली क्युबाची अर्थव्यवस्था कोसळली. अन्न, इंधन, औषधे या सर्वांचाच तुटवडा निर्माण झाला. क्युबाच्या सरकारने या कालखंडाला ‘विशेष काळ’ असे सौम्य नाव दिले. आयुष्यभर गाऊन मिळालेले निवृत्तिवेतन त्या काळात जवळजवळ निरर्थक ठरले आणि फेरेर यांच्या हाती पॉलिशचा ब्रश आला.

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे एक निराळीच घडामोड आकार घेत होती. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या छोट्या ब्रिटिश कंपन्यांची एक अडचण होती. या ध्वनिमुद्रिका कोणत्या कप्प्यात ठेवाव्यात, हे दुकानदारांना उमगत नसे आणि म्हणून त्या ठेवल्याच जात नसत. जून १९८७ मध्ये या कंपन्यांचे प्रतिनिधी लंडनमधील एका पबमध्ये जमले आणि त्यांनी ‘वर्ल्ड म्युझिक’ हे सर्वसमावेशक नाव निश्चित केले. ती संगीतशैली नव्हती, दुकानातल्या कप्प्यावरची ती पाटी होती. त्या पाटीमुळे मालीचे गिटारवादन, पाकिस्तानची कव्वाली आणि क्युबाचे सोन एकाच फळीवर आले. जिज्ञासू ग्राहकाला बोट ठेवायला जागा मिळाली. १९८२ पासून इंग्लंडमध्ये भरणाऱ्या ‘वोमॅड’सारख्या महोत्सवांनी हेच संगीत प्रत्यक्ष ऐकवले. महोत्सवात ऐकावे आणि दुकानात जाऊन शोधावे, अशी श्रोत्यांची एक पिढीच तयार झाली.

या श्रोत्यांसाठी ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या ‘वर्ल्ड सर्किट’ या कंपनीचे निक गोल्ड आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर १९९६ मध्ये हवानात आले. मालीचे वादक आणि पूर्व क्युबाचे कलावंत यांना एकत्र आणण्याची त्यांची मूळ योजना होती. मालीचे वादक प्रवासाच्या कागदपत्रांअभावी पोहोचूच शकले नाहीत. स्टुडिओ ठरलेला होता, दिवस मोजके होते. तेव्हा हवानातल्याच जुन्या कलावंतांना बोलावून नवा संच उभारण्यात आला. गिटारवादक कोम्पाय सेगुंदो अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. पियानोवादक रुबेन गोन्सालेस सत्तरीच्या उत्तरार्धात होते आणि त्यांच्या घरी पियानोही उरला नव्हता. स्टुडिओचे दार उघडण्यापूर्वीच ते रोज सकाळी बाहेर येऊन उभे राहत.

अशा या मंडळींत फेरेर आले. रुबेन यांनी पियानोवर ‘दोस गार्देनियास’ची सुरावट छेडली आणि फेरेर गाऊ लागले. १९४० च्या दशकात इसोलिना कारिल्यो या क्युबन संगीतकर्तीने रचलेला हा बोलेरो लॅटिन अमेरिकेत घरोघरी पोहोचलेला होता. त्या ध्वनिमुद्रणापूर्वी काही आठवडेच कारिल्यो यांचे निधन झाले होते. कूडर यांनी तो आवाज ऐकला आणि गीत लगेच ध्वनिमुद्रित करून घेतले. आपला आवाज बोलेरोला योग्य नाही, हे फेरेर यांनी उभ्या हयातीत ऐकलेले मत एका दुपारी निकालात निघाले. वयाने त्या आवाजातला जोर काही अंशी नेला होता. उरला होता तो मऊ, किंचित थरथरता सूर. प्रेमगीताला याहून अधिक काही लागत नाही.

अवघ्या सहा दिवसांत पूर्ण झालेली ही ध्वनिमुद्रिका १९९७ मध्ये ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ या नावाने प्रसिद्ध झाली. हे नाव हवानातील एका जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या क्लबाचे होते. कोणतीही मोठी जाहिरात नसताना ती हातोहात खपू लागली. दुकानात लावलेली तबकडी ऐकून गिऱ्हाईक चौकशी करी आणि ती घेऊनच बाहेर पडे, असा अनुभव विक्रेत्यांना येऊ लागला. १९९८ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढे तिचा खप ऐंशी लाखांच्याही वर गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅम आणि १ जुलै रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये या संचाचे कार्यक्रम झाले. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी त्यांवर बेतलेला माहितीपट १९९९ मध्ये पडद्यावर आला. डोक्यावर चपटी टोपी, पांढऱ्या मिशा आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून लहान मुलाच्या कुतूहलाने चालणारे फेरेर त्यात दिसले. ओमारा पोर्तुओन्दो यांच्यासह ‘सिलेन्सियो’ हे गीत गाताना तिच्या डोळ्यांत आलेले पाणी ते हलकेच टिपतात, हा त्या चित्रपटातील प्रसंग अनेकांच्या स्मरणात राहिला.

१९९९ मध्येच त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. २००० मध्ये पहिल्याच लॅटिन ग्रॅमी सोहळ्यात सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताचा पुरस्कार त्यांना जाहीर झाला. नवोदिताचे वय होते त्र्याहत्तर. २००१ मध्ये ‘गोरिलाझ’ या ब्रिटिश संचाच्या ध्वनिमुद्रिकेत ते स्पॅनिशमधून गायिले आणि विशीतल्या श्रोत्यांनाही हा आजोबांचा आवाज परिचित झाला.

या यशाला दुसरी बाजू होती. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी या साऱ्याचे वर्णन ‘शोध’ असे केले. परंतु फेरेर हरवले होते ते नेमके कोणासाठी? सान लुईस, सांतियागो आणि हवानाच्या नृत्यगृहांत त्यांनी पाच दशके गाणी गायिली होती. शिवाय नव्वदच्या दशकातील क्युबाचे तरुण ‘तिंबा’ या आक्रमक, आधुनिक संगीतावर नाचत होते. पर्यटकांची फर्माईश मात्र जुन्याच गीतांची असे. आजच्या क्युबाला कालच्या छायाचित्रात बंदिस्त केले जात आहे, अशी खंत तेथील नव्या संगीतकारांनी व्यक्त केली. ती अगदीच अनाठायी नव्हती. दुकानातील पाटीने अनेक दारे उघडली, तसेच दारातून आत कोणी यायचे हेही काही प्रमाणात ठरवले.

राजकारणाने त्यांची पाठ सोडली नाही. क्युबावरील अमेरिकी निर्बंध मोडल्याबद्दल कूडर यांना दंड भरावा लागला. फेरेर यांच्या पुढील ध्वनिमुद्रिकेसाठी क्लिंटन प्रशासनाकडून खास परवानगी मिळवावी लागली. ‘बुएनोस एर्मानोस’ ही ती ध्वनिमुद्रिका २००३ मध्ये निघाली आणि २००४ मध्ये तिने ग्रॅमी पटकावला. पुरस्कार स्वीकारण्यासाठी लॉस एंजेलिसला जाण्याचा व्हिसा मात्र त्यांना नाकारण्यात आला. अमेरिकेच्या हितास बाधक ठरणाऱ्यांसाठीचे कलम या शहात्तर वर्षांच्या प्रेमगीत गायकास लावले गेले. पुरस्कार तेथे दिला गेला, गायक हवानातच राहिला.

फेरेर सान लाझारो या दीनदुबळ्यांच्या आणि रुग्णांच्या संताचे निस्सीम भक्त होते. घरी त्यांनी या संताचे देवघर मांडले होते आणि तेथे ते रम वाहत. कीर्ती आल्यावरही ही श्रद्धा ढळली नाही. अखेरच्या काळात त्यांनी एक संकल्प सोडला होता. संपूर्णपणे बोलेरोंचीच एक ध्वनिमुद्रिका करायची, त्यात दुसरे काहीही असू नये. त्यासाठी गाणी निवडली, प्राथमिक ध्वनिमुद्रण सुरू केले. २००५ च्या उन्हाळ्यात युरोपातील महोत्सवांमध्ये ही गीते ते रसिकांना ऐकवत होते. दौरा आटोपून परतताच प्रकृती बिघडली आणि ६ ऑगस्ट २००५ रोजी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हवानात त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांवर संस्कार करून सहकाऱ्यांनी ती ध्वनिमुद्रिका पूर्ण केली. तिचे नाव ‘मी स्वेन्यो’, म्हणजे ‘माझे स्वप्न’.

त्यानंतर बरेच काही पालटले. ज्या दुकानांच्या कप्प्यांनी हे संगीत जगापुढे आणले, त्यांतील कितीतरी दुकाने बंद झाली. १९९६ मध्ये न जमलेली माली आणि क्युबाच्या कलावंतांची भेट अखेर घडून आली आणि २०१० मध्ये ‘आफ्रोक्युबिझम’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. ज्या देशाने फेरेर यांना व्हिसा नाकारला होता, त्याच देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०२२ मध्ये ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’चा समावेश जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत केला. त्या तबकडीवर पाचव्या क्रमांकाला ‘दोस गार्देनियास’ आहे. तीन मिनिटांचा तो बोलेरो गाण्यासाठी फेरेर यांना उणीपुरी चार दशके वाट पाहावी लागली होती.