विश्लेषण : पोपटीतल्या वालाचे विज्ञान उलगडणाऱ्या कमला सोहोनी कोण होत्या?

थंडी पडली की डोलवी, पेण, रोहा परिसरात पोपटीचे बेत सुरू होतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि बाहेर धगधगता जाळ. या वालात प्रथिने भरपूर असतात. पण त्यातच प्रथिनांचे पचन अडवणारा एक घटकही असतो. हा घटक स्फटिकरूपात वेगळा करणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी. ज्यांना बाई म्हणून आधी प्रयोगशाळेत प्रवेशच नाकारला गेला होता.

प्रवेश का नाकारला?

कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत दोघेही शिकले होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर कमलाबाईंनीही तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. गुण उत्तम असूनही केवळ मुलगी म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला.

कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नव्हते. काम पसंत पडले तरच पुढची मान्यता, आणि त्यांच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, हेही बजावले गेले. हा अपमान त्या विसरल्या नाहीत. मात्र एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

केंब्रिजमध्ये काय शोधले?

पुढे केंब्रिजला रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशीत ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन सापडले. श्वसनाच्या क्रियेत, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवताना, इलेक्ट्रॉन पुढे सरकवण्याचे काम ते करते. अवघ्या १४ महिन्यांत, सुमारे ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानातील पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

वालाचा संबंध कुठे येतो?

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला.

आपल्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनांचे तुकडे करते. वालातील एक प्रथिन या ट्रिप्सिनलाच जखडून ठेवते. वाल आणि डबल बी यांतील असे रोधक स्फटिकरूपात मिळवल्याचा सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याचा शोधनिबंध १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. नीट शिजवल्यावर या रोधकांची ताकद बरीच कमी होते. म्हणूनच वाल कच्चे खाऊ नयेत.

आजच्या संशोधनाशी नाते काय?

आज मानवी विकर हवे असेल तर त्याचे जनुक जिवाणूत किंवा कीटकांच्या पेशीत घालून ते तयार करून घेतात. याला पुनर्संयोजित विकर म्हणतात. उदाहरणार्थ, ‘मेटल-३’ हे विकर आरएनएवर एक छोटी रासायनिक खूण करते आणि त्यामुळे तो संदेश पेशीत किती काळ टिकेल यावर परिणाम होतो. अशी विकरे प्रयोगांसाठी छोट्या कुपीत विकत मिळतात. सोहोनींच्या काळी ही सोय नव्हती. बटाटा किंवा वाल वाटायचा, अर्क काढायचा, टप्प्याटप्प्याने शुद्ध करायचा आणि काम करतो का ते तपासायचे. आज प्रथिनाचा स्रोत बदलला, पण पेशी फोडणे, शुद्ध करणे आणि तपासणे हे टप्पे कायम आहेत.

प्रयोगशाळेबाहेर काय केले?

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवतींसाठी ती उपयुक्त असल्याचे त्यातून दिसले आणि या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना बऱ्याच विलंबाने मिळाले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या संस्थापकांपैकी त्या एक होत्या. अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्या गृहिणींना सांगत राहिल्या.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि काही काळातच त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या हाताखाली शिकलेले अनेक विद्यार्थी जीवरसायनशास्त्रात काम करत होते.