विश्लेषण : बुरख्यातून २५ वर्षे राज्यकारभार, शेवटी पडद्याबाहेर... भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांचे मत का बदलले?

स्त्री-पुरुषांनी एकाच वर्गात शिकावे का, एकाच सभेत बसावे का, स्त्रीने परपुरुषासमोर चेहरा झाकावा का, हे प्रश्न मुस्लीम समाजात आजही चर्चेत असतात. या चर्चेत ‘इस्लामचे मत’ असा एकवचनी उल्लेख होतो. प्रत्यक्षात हे मत एकच कधी नव्हते. भोपाळच्या शेवटच्या महिला शासक सुलतान जहाँ बेगम यांचे आयुष्य हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यांनी बुरखा घालून राज्य केले, पडद्याच्या बाजूने पुस्तक लिहिले आणि आयुष्याच्या अखेरीस स्वतःच पडदा सोडला. अभिनेता सैफ अली खान याच्या त्या खापरपणजी.

वाद नेमका कशावर?

इस्लामी धर्मशास्त्रात या विषयाशी संबंधित तीन शब्द समजून घ्यावे लागतात. पहिला ‘महरम’. ज्या नातेवाइकाशी विवाह कधीच होऊ शकत नाही तो महरम, उदाहरणार्थ वडील, भाऊ, मुलगा. त्यांच्यासमोर पडदा नसतो. दुसरा ‘खलवत’. महरम नसलेल्या स्त्री-पुरुषांनी बंद जागी एकांतात असणे म्हणजे खलवत. ते निषिद्ध आहे यावर बहुतेक सर्व पंथांचे एकमत आहे. तिसरा ‘इख्तिलात’, म्हणजे स्त्री-पुरुषांचे एकत्र मिसळणे. खरा मतभेद इथे आहे.

कुराणातील ‘नूर’ या अध्यायात नजर खाली ठेवण्याची सूचना आधी पुरुषांना आणि नंतर स्त्रियांना आहे. ‘अहजाब’ या अध्यायात पैगंबरांच्या पत्नींशी पडद्याआडून बोलण्याचा आदेश आहे. तो फक्त त्यांच्यापुरता की सर्व स्त्रियांसाठी, यावर विद्वानांमध्ये मतभेद आहेत. चेहरा आणि तळहात झाकणे सक्तीचे नाही, असे अनेक विद्वान मानतात. काही जण मात्र समाजात गैरवर्तनाची भीती असल्याने चेहराही झाकावा असे सांगतात. दुसरीकडे, हज यात्रेत काबाची प्रदक्षिणा स्त्री-पुरुष एकत्रच घालतात आणि त्या वेळी स्त्रीने चेहऱ्यावर नकाब बांधायचा नसतो.

म्हणजे मूळ ग्रंथ एकच असले तरी त्यातून निघणारे नियम काळ, प्रदेश आणि पंथानुसार वेगळे झाले. भोपाळच्या राजघराण्यात तर एकाच कुटुंबात ते पिढीगणिक बदलले.

एका घरातील चार बेगमा, चार भूमिका

भोपाळ हे अफगाण वंशाच्या नवाबांचे संस्थान. १८१९ ते १९२६ या काळात मधली काही वर्षे वगळता तिथे स्त्रियांची सत्ता होती. सुरुवात कुदसिया बेगम यांच्यापासून झाली. पतीच्या अकाली मृत्यूनंतर तान्ह्या मुलीच्या नावाने त्यांनी कारभार हाती घेतला आणि पुढे त्या पडद्याबाहेर आल्या. ती मुलगी म्हणजे सिकंदर बेगम. त्या पडदा पाळत नसत. घोड्यावर बसून संस्थानभर फिरत, सैन्याची पाहणी करत. त्या धार्मिक नव्हत्या असे मात्र नाही. १८६३-६४ मध्ये त्यांनी हज केले आणि त्या प्रवासाचे वर्णनही लिहिले.

सिकंदर यांची मुलगी शाहजहाँ बेगम सुरुवातीला खुल्या दरबारात बसत. पहिल्या पतीच्या निधनानंतर १८७१ मध्ये त्यांनी सिद्दीक हसन खान या धर्मविद्वानाशी विवाह केला आणि त्या पडद्यात गेल्या. इथे व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला. शासक स्वतः पुरुष अधिकाऱ्यांना भेटत नसेल तर तिच्या वतीने कुणीतरी भेटावे लागते. ते काम पतीकडे गेले आणि कामाबरोबर सत्ताही गेली. इंग्रजांना हे खटकले. १८८५ मध्ये त्यांनी सिद्दीक हसन यांच्या पदव्या आणि अधिकार काढून घेतले.

हा सगळा काळ शाहजहाँ यांची मुलगी सुलतान जहाँ जवळून पाहत होती.

आजीची नात, आईपासून दूर

सुलतान जहाँ यांचा जन्म ९ जुलै १८५८चा. लहानपणी त्यांचे शिक्षण आजी सिकंदर बेगम यांच्या देखरेखीखाली झाले. कुराण, फारसी, इंग्रजी आणि घोडेस्वारी असे सगळे त्यात होते. १८६८ मध्ये आजी गेल्या, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. १८७४ मध्ये अहमद अली खान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आईच्या दुसऱ्या विवाहानंतर मायलेकींमध्ये दुरावा वाढत गेला. एकाच शहरात राहूनही दोघींमध्ये अनेक वर्षे भेट नव्हती. १९०१ मध्ये शाहजहाँ बेगम यांचे निधन झाले आणि ४२ वर्षांच्या सुलतान जहाँ गादीवर आल्या. काही महिन्यांतच, १९०२ च्या सुरुवातीला, त्यांच्या पतीचेही निधन झाले.

त्यांच्यासमोर दोन नमुने होते. आजीप्रमाणे पडदा सोडून सगळा कारभार स्वतः पाहायचा, की आईप्रमाणे पडद्यात राहून तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा? त्यांनी तिसराच मार्ग निवडला. पडदा ठेवला, पण मध्यस्थ ठेवला नाही.

बुरखा घालून कारभार कसा चालला?

अंगभर बुरखा घालून त्या अधिकाऱ्यांशी स्वतः बोलत, कागदपत्रे स्वतः पाहत, संस्थानात दौरे करत. इंग्रजांच्या दरबारात बुरख्यावर मानचिन्हे लावून त्या इतर संस्थानिकांच्या रांगेत बसत. १९०३ मध्ये त्यांनी हज यात्रा केली. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकासाठी त्या लंडनला गेल्या. त्याच प्रवासात त्या तुर्कस्तानातही गेल्या. सोबत असलेली सून मैमूना सुलतान हिने या प्रवासाचे पुस्तक लिहिले.

पडदा म्हणजे चार भिंतींत कोंडून राहणे नव्हे, हे त्यांचे म्हणणे. भारतातील खानदानी घरांत स्त्रीला उंबऱ्याबाहेर पडू न देण्याची जी रीत होती ती धर्माची नसून रूढीची आहे, असे त्या मानत. धर्म मर्यादेने वावरायला सांगतो, अडाणी राहायला सांगत नाही, हा त्यांच्या सगळ्या कामाचा पाया होता.

स्त्रियांसाठी वेगळ्या जागा

मग पडदा पाळणाऱ्या मुलीने शिकायचे कुठे? सुलतान जहाँ यांचे उत्तर होते, केवळ स्त्रियांच्या संस्था उभारून. १९०३ मध्ये भोपाळमध्ये सुलतानिया मुलींची शाळा सुरू झाली. १९०९ मध्ये लेडीज क्लब निघाला. तिथे स्त्रिया भाषणे ऐकत, आरोग्य आणि बालसंगोपनाची माहिती घेत, खेळत आणि स्वतः बोलायलाही शिकत. पुरुषांना तिथे प्रवेश नव्हता.

अलिगढमध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नीने मुलींसाठी सुरू केलेल्या शाळेला त्यांनी आर्थिक मदत केली. १९१४ मध्ये अलिगढमध्येच मुस्लीम महिलांची अखिल भारतीय परिषद स्थापन झाली, त्यातही त्या अग्रभागी होत्या. याच परिषदेने १९१८ मध्ये लाहोरच्या अधिवेशनात बहुपत्नीत्वाविरुद्ध ठराव केला आणि मोठी खळबळ उडाली. पुरुषांपासून वेगळ्या बसलेल्या स्त्रिया पुरुषांच्या हक्कांवरच प्रश्न विचारू लागल्या होत्या.

१९१८ मध्ये त्यांनी भोपाळमध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९२० मध्ये अलिगढ मुस्लीम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती सुलतान जहाँ बेगम झाल्या. ज्या विद्यापीठाचे वर्ग तेव्हा मुलांनी भरलेले होते, त्याच्या सर्वोच्च पदावर बुरख्यातील स्त्री होती.

पडद्याच्या बाजूने पुस्तक का लिहिले?

त्याच काळात पडद्यावरचा वाद तापत होता. इजिप्तमध्ये कासिम अमीन यांनी १८९९ मध्येच स्त्रियांच्या मुक्तीवर पुस्तक लिहून पडद्याच्या प्रथेवर टीका केली होती. मुंबईत तय्यबजी आणि फैजी घराण्यांतील स्त्रियांनी पडदा बाजूला ठेवला होता. अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या होत्या. त्यांची बहीण नाझली ही जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम होती. मुस्लीम, सुशिक्षित आणि स्त्री-पुरुषांच्या सभेत सहज वावरणाऱ्या स्त्रिया कोकण किनाऱ्यावर दिसू लागल्या होत्या.

सुलतान जहाँ यांना हे पटत नव्हते. १९२२ मध्ये ‘अल-हिजाब’ हे त्यांचे पुस्तक इंग्रजीत आले. पडदा का आवश्यक आहे, हा त्याचा विषय. धर्मग्रंथांचे आधार देत आणि युरोपातील खुल्या समाजाचे दोष दाखवत त्यांनी स्त्री-पुरुषांच्या मुक्त मिसळण्याला विरोध केला. त्या युरोप पाहून आलेल्या होत्या आणि राज्य चालवत होत्या. त्यामुळे हे पुस्तक घराबाहेर न पडलेल्या व्यक्तीचे म्हणून बाजूला टाकता येत नव्हते.

मग बदल कसा झाला?

१९२४ हे वर्ष त्यांच्यासाठी फार कठीण गेले. त्यांचे थोरले दोन मुलगे, नसरुल्ला खान आणि उबैदुल्ला खान, काही महिन्यांच्या अंतराने गेले. धाकटे हमीदुल्ला खान यांचा वारसाहक्क मान्य व्हावा म्हणून त्या १९२५ मध्ये पुन्हा लंडनला गेल्या. मागणी मान्य झाली आणि १९२६ मध्ये त्यांनी स्वतःहून गादी सोडली.

भोवतालचे जग तेव्हा वेगाने बदलत होते. १९२३ मध्ये कैरोच्या रेल्वे स्थानकावर हुदा शारावी यांनी चेहऱ्यावरचा पडदा काढला होता. तुर्कस्तानात केमाल पाशा समाजजीवनाची घडी बदलत होते. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या आणि विषय होता स्त्रीशिक्षण. १९२८ मध्ये दुसरे अधिवेशन दिल्लीत भरले, त्याच्या अध्यक्ष सुलतान जहाँ बेगम होत्या.

पडद्याच्या प्रचलित रीतीमुळे मुलींचे शिक्षण अडते, ही भूमिका त्यांनी याच काळात उघडपणे घेतली. वेगळ्या संस्थांचा मार्ग त्यांनी २५ वर्षे चालवून पाहिला होता. त्याच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. वेगळी शाळा, स्त्री शिक्षिका, बंद गाड्या हे सगळे संस्थानाच्या तिजोरीतून एका शहरात जमू शकते. गावोगावी ते कोण उभारणार? शिवाय कॉलेज, वैद्यकीय शिक्षण, कायदेमंडळ या जागा स्त्रियांसाठी वेगळ्या निघणार नव्हत्या. त्यानंतर, आयुष्याच्या अखेरच्या काळात, त्यांनी स्वतःचा पडदा दूर केला. १२ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले. भोपाळचे लोक त्यांना ‘सरकार अम्मा’ म्हणत.

त्यांच्या नंतर काय?

नात आबिदा सुलतान ही त्यांच्याच कडक शिस्तीत वाढली. पहाटेचे कुराणपठण चुकवता येत नसे, तसेच घोडेस्वारी आणि नेमबाजीही. ती पुढे पोलो खेळली, विमान चालवायला शिकली आणि फाळणीनंतर पाकिस्तानात जाऊन राजदूत झाली. दुसरी नात साजिदा सुलतान भारतात राहिली. क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी हे तिचे पुत्र.

आजच्या वादात याचा अर्थ काय?

सुलतान जहाँ यांचा दाखला दोन्ही बाजू देऊ शकतात. बुरखा घालूनही स्त्री राज्य करू शकते, असे एक बाजू म्हणेल. शेवटी त्यांनीच तो सोडला, असे दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांच्या आयुष्यातील एक धागा बदलला नाही. कोणत्याही नियमाकडे पाहताना त्या विचारत की, यामुळे मुलगी शिकते की तिचे शिक्षण थांबते? पडद्यामुळे घरचे लोक मुलीला शाळेत पाठवत होते, तोवर त्यांनी पडद्याची बाजू घेतली. तोच अडसर ठरतो असे दिसले, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी आपले छापील मत बदलले. यासाठी त्यांना धर्म सोडावा लागला नाही. त्यांच्या पणजीने आणि आजीनेही तो सोडला नव्हता.