काउंट झिन्झेन्डॉर्फ आणि हेर्नहूटचा आसरा

इ. स. १७२२ च्या उन्हाळ्यांत मोरेव्हियांतून रातोरात निघालेलीं दोघां भावांचीं कुटुंबें सॅक्सनींतील बेर्थेल्सडॉर्फ गांवीं येऊन पोहोंचलीं. चाकू-कात्र्या घडविणारे हे भाऊ जुन्या बंधुसमाजाचे वंशज होत. शंभर वर्षांपूर्वीं राजसत्तेनें तो समाज मोडला होता; उरलेल्यांनीं प्रार्थना करावी ती चोरून, ग्रंथ ठेवावे ते लपवून. क्रिश्चन डेव्हिड नामक सुतारानें त्यांस सीमेपार आणिलें.

गांवचा जमीनदार निकोलस लुडविग, काउंट झिन्झेन्डॉर्फ, त्या वेळीं २२ वर्षांचा असून ड्रेस्डेनच्या दरबारीं नोकरीस होता. त्याच्या कारभाऱ्यानें निर्वासितांस हूटबर्ग टेकडीपाशीं रान दिलें, आणि १७ जून रोजीं डेव्हिडनें पहिलें झाड तोडिलें. वस्तीस हेर्नहूट, म्हणजे प्रभूची राखण, असें नांव मिळालें. डिसेंबरांत नवपरिणीत पत्नीसह येतांना काउंटास रानांत दिवा दिसला. चौकशी करून तो त्या घरांत गेला व त्या लोकांबरोबर त्यानें गुडघे टेकिले.

विद्यार्थिमित्रांनो, येथवरचें काम त्यामानानें सोपें होतें. पांच वर्षांत वस्ती सुमारें ३०० झाली. मोरेव्हियन, लूथरपंथी, रिफॉर्म्ड असे नाना मतांचे लोक एकत्र आले, आणि छळ सोसलेलीं हीं माणसें उपासनेच्या रीतींवरून आपसांत भांडूं लागलीं. ज्यानें आसरा दिला त्यासच एकानें प्रकटीकरणांतील श्वापद ठरविलें! काउंटानें त्यांस हांकलून दिलें असतें, तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु १७२७ सालीं दरबारचें काम सोडून तो त्यांच्यांतच राहावयास गेला व घरोघर बसून त्यानें त्यांचीं गाऱ्हाणीं ऐकिलीं. १२ मे रोजीं त्यानें वस्तीचे नियम वाचून दाखविले. येथील लोक वेठबिगारीपासून सदैव मुक्त राहतील, हें जमीनदारानें आपण होऊन मान्य करावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. १३ ऑगस्टला बेर्थेल्सडॉर्फच्या मंदिरांत सर्वांनीं एकत्र प्रभुभोजन घेतलें आणि वैर विसरून पुष्कळजण रडले.

१७३२ सालीं ह्याच वस्तींतून दोघे जण वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटावर गुलामांना सुवार्ता सांगावयास निघाले.

इकडे आपल्या प्रजेस फूस लावून नेतात, अशी तक्रार ऑस्ट्रियाच्या बादशहानें सॅक्सनीच्या दरबारीं केली. चौकशा झाल्या आणि १७३६ सालीं काउंटासच हद्दपार व्हावें लागलें. जहागिरीचा कारभार व वाढतें कर्ज पत्नी एर्डमूट डोरोथिया हिनें सांभाळिलें. तिचें नांव क्वचितच घेतलें जातें, हें मला न्याय्य वाटत नाहीं. १७४७ सालीं काउंटास परतीची परवानगी मिळाली. ९ मे १७६० रोजीं हेर्नहूट येथें त्याचें निधन झालें, आणि रान तोडून गांव वसविणाऱ्यांच्या कबरस्थानांत, हूटबर्गच्या उतारावर, त्यास मूठमाती देण्यांत आली.