टेकडीवरची शाळा : अनुताई वाघ

प्रास्ताविक

शिक्षकाला अध्यापनाची गोडी कशामुळे लागते? वेतन, स्थैर्य, समाजातील मान ही कारणे आहेतच. पण केवळ त्यांच्या बळावर कोणी शहरातील चांगली नोकरी सोडून आयुष्याची ४७ वर्षे खेड्यापाड्यांतील मुलांसाठी वेचत नाही. अनुताई वाघ यांनी ती वेचली. त्यांना हे बळ कोठून मिळाले, ते या पाठात आपण पाहणार आहोत.

मूळ पाठ

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांना वैधव्य आले. बालविधवेने घराच्या कोपऱ्यात उरलेले आयुष्य काढावे, अशी तेव्हाची समजूत होती. अनुताईंनी मात्र शिक्षणाची वाट धरली. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण पूर्ण केले. नाशिक जिल्ह्यातील चांदवड भागात काही वर्षे शिकवल्यानंतर त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्या.

स्वतःचे शिक्षण अपुरे आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. दिवसा मुलींना शिकवावे आणि रात्री स्वतः विद्यार्थिनी व्हावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. रात्रशाळेत अभ्यास करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते. पदवी तर त्यांनी १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी मिळवली. ज्याने स्वतः उशिरा आणि कष्टाने पाटी हाती घेतली, त्याला मागे राहिलेल्या मुलाची अडचण सांगावी लागत नाही. अनुताईंच्या अध्यापनातील जिव्हाळ्याचे एक मूळ येथे सापडते.

१९४५ साली त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. कस्तुरबा ट्रस्टने ग्रामसेविकांसाठी बोरिवली येथे शिबिर भरवले होते. तेथे त्यांची भेट ताराबाई मोडक यांच्याशी झाली. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे मोठे काम केले होते. आता त्यांना ते काम खेड्यातील गरिबांच्या मुलांपर्यंत न्यायचे होते. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने श्रीमंतांच्या शाळांना परवडत. खेड्यातील शाळेने काय करावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. अनुताईंनी पुण्यातील नोकरीचा विचार बाजूला ठेवला आणि त्या ताराबाईंसह समुद्रकाठच्या बोर्डी गावी दाखल झाल्या. त्या वर्षाच्या अखेरीस तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

साधनांचा प्रश्न परिसरानेच सोडवला. शंखशिंपले, चिंचोके, पाने, खडे, माती, बांबूच्या कांड्या यांतून मुले मोजायला, जुळवायला, रंग आणि आकार ओळखायला शिकू लागली. खरी अडचण निराळीच होती. गरीब वस्तीतील मुले शाळेच्या दारापर्यंत येतच नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली आणि घरांपुढील अंगणात भरू लागली. यातूनच 'अंगणवाडी' ही कल्पना साकारली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामेही शिक्षिकांनी आपलीच मानली.

पुढे १९५७ च्या सुमारास हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. हा वारली आदिवासींचा मुलूख. वेठबिगारी आणि सावकारी यांनी तो पिचलेला होता. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी त्याविरुद्ध लढाही दिला होता. अशा घरांतील आईबाप दिवस उजाडताच मजुरीला जात. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे आणि मुलगा गुरे घेऊन रानात जाई. या मुलांनी शाळेत यावे तरी कसे?

हजेरीपट कोरा राहिला, की पालकांना दोष देणे सोपे असते. ताराबाई आणि अनुताई यांनी दोष शाळेच्या रचनेत शोधला. मुलगी भावंडामुळे अडते, तर भावंडासाठी शाळेलगतच पाळणाघर हवे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली 'विकासवाडी' उभी राहिली. मुलगा गुरांमागे जातो, तर शाळेनेही कुरणात जावे. म्हणून 'कुरणशाळा' निघाली. गुरे चरत असत, आणि शिक्षक झाडाखाली मुलांना घेऊन बसत. झाडे, पक्षी, दगड, ओढे हेच तेथील पाठ्यपुस्तक होते. गुरांवरची नजर न ढळता अक्षरओळख होऊ लागली.

प्रत्येक वेळी शाळेलाच बदलावे लागले आणि प्रत्येक बदलानंतर आणखी काही मुले जवळ आली. अध्यापनातील आनंद तो हाच. एखादे मूल का शिकत नाही, हे कोडे सुटण्याचा आणि त्याच मुलाने दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसण्याचा तो आनंद असतो. तो पगारपत्रकात मांडता येत नाही. परंतु थकलेल्या शिक्षकाला तोच पुन्हा उभे करतो.

१९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर कोसबाडच्या कार्याची धुरा अनुताईंनी समर्थपणे वाहिली. पाड्यावरील स्त्रिया सबल झाल्याशिवाय मुलांचे शिक्षण टिकणार नाही, हे ओळखून त्यांनी स्त्रियांच्या प्रश्नांतही लक्ष घातले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात त्यांनी आपले अनुभव शब्दबद्ध केले. त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. आज देशभर गावोगावी अंगणवाड्या भरतात. समुद्रकाठच्या एका वस्तीत, मुले येत नाहीत म्हणून अंगणात मांडलेल्या शाळेचे नाव त्यांनी जपले आहे. ज्या मुलीला समाजाने तेराव्या वर्षी घराचा कोपरा दाखवला, तिने असंख्य मुलांना अंगण मिळवून दिले.

शब्दार्थ

वेठबिगारी – मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम
कुरण – गुरे चारण्याची मोकळी जागा
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
धुरा वाहणे – जबाबदारी सांभाळणे

स्वाध्याय

१. अनुताईंनी स्वतःचे शिक्षण कोणत्या परिस्थितीत पूर्ण केले?
२. 'अंगणवाडी' आणि 'कुरणशाळा' या कल्पना कोणत्या अडचणींतून जन्मल्या?
३. पाठात अध्यापनातील आनंद कशाला म्हटले आहे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखादे मूल शाळेत जात नसेल, तर त्याची कारणे शोधा आणि त्यांवर उपाय सुचवा.