तिसऱ्या पक्षातून निवडून येत सलग तीन वेळा गव्हर्नर झालेले फ्लॉइड ओल्सन

अमेरिकेचं राजकारण म्हटलं की दोनच पक्ष आठवतात, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक. तिसरा उमेदवार म्हणजे नुसता मतं खाणारा, असा तिथेही समज आहे. पण मिनेसोटा राज्यात एका वकिलाने या दोन्ही पक्षांना लागोपाठ तीन वेळा पाणी पाजलं. त्यांचं नाव फ्लॉइड ओल्सन.

त्यांचा जन्म १८९१ साली मिनियापोलिस शहरात झाला. वडील नॉर्वेहून आलेले, आई स्वीडनची, घरची परिस्थिती बेताची. शेजारी ज्यू कुटुंबं राहायची. त्यांच्या पोरांसोबत खेळता खेळता फ्लॉइड यिद्दिश भाषा बोलायला शिकले. पुढे कॉलेज अर्धवट सोडून त्यांनी भटकंती केली आणि सिअ‍ॅटलच्या गोदीत हमालीही केली. कामगार चळवळीशी ओळख झाली ती तिथेच. गावी परतून ते कायदा शिकले आणि १९१५ साली वकील झाले.

१९२० मध्ये ते हेनेपिन काउंटीचे मुख्य सरकारी वकील झाले. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. मिनियापोलिस याच काउंटीत येतं. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांना त्यांनी कोर्टात खेचलं आणि त्यांचं नाव गाजलं.

१९२४ साली शेतकरी आणि कामगारांच्या फार्मर-लेबर पक्षाने त्यांना गव्हर्नरपदासाठी उभं केलं. गव्हर्नर म्हणजे राज्याचा कारभारी, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. तेव्हा ते हरले, पण सरकारी वकिलाचं काम सुरूच राहिलं. १९३० उजाडेपर्यंत महामंदी आली होती. शेतकरी कर्जात बुडाला होता, कामगारांच्या हाताला काम नव्हतं. या वेळी ओल्सन जिंकले.

१९३३ मध्ये त्यांनी कर्जापायी होणाऱ्या शेतांच्या आणि घरांच्या जप्त्या थांबवल्या. त्याच वर्षी राज्यात आयकर लागू झाला आणि तो पैसा शाळांना मिळाला.

खरी परीक्षा १९३४ साली झाली. मिनियापोलिसच्या ट्रक ड्रायव्हरांनी संप केला. २० जुलैला पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळीबार केला. त्यात दोघांचा जीव गेला आणि ६७ जण जखमी झाले. कामगारांच्या मतांवर निवडून आलेल्या गव्हर्नरने आता काय करायचं? ओल्सन यांनी लष्करी कायदा पुकारला. सैनिकांनी आधी संपकऱ्यांच्याच कार्यालयावर छापा टाकून पुढाऱ्यांना पकडलं. कामगार भयंकर चिडले. मग छापा पडला मालकांच्या संघटनेवर, आणि पकडलेले पुढारीही सुटले. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि कामगारांच्या मुख्य मागण्या मान्य झाल्या. त्याच वर्षी ओल्सन तिसऱ्यांदा निवडून आले.

पुढची उडी वॉशिंग्टनची होती. १९३६ साली ते सिनेटसाठी उभे राहिले, पण पोटाच्या कॅन्सरने गाठलं. निवडणुकीच्या आधीच, २२ ऑगस्टला, वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्या नोव्हेंबरात गव्हर्नरपद पुन्हा त्यांच्याच पक्षाने जिंकलं. पण दोन वर्षांनी ते हातचं गेलं, आणि १९४४ साली फार्मर-लेबर पक्ष डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झाला. नाव मात्र पुसलं गेलं नाही. मिनेसोटातला डेमोक्रॅटिक पक्ष आजही स्वतःला डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्ष म्हणवतो.